सरांचं बोट आणि सरांचीच स्टिक

माझ्यावर ज्यांचे सर्वांत जास्त उपकार आहेत ते सौसरचे माझे सर. आईवडिलांचे उपकार मोजायचे नसतात, म्हणून ते वेगळे. आमच्या घरात चौथीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो, आणि आज पांढुर्ण्याच्या एका शाळेत अतिथी शिक्षक म्हणून मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो, ते सरांमुळे. कॉलेजचा फॉर्म त्यांनी भरला, वडिलांची समजूत त्यांनी घातली, पहिल्या वर्षी गणितात नापास झालो तेव्हा घरी न सांगता पुन्हा अभ्यासाला त्यांनीच बसवलं. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्याशी वर्षभर खोटं कसं बोललो ते येणार आहे.

आमचं गाव लोधीखेड्याजवळ. नववीपासून मी सौसरला शिकायला जायचो. शाळा पाचला सुटायची आणि आमच्याकडची गाडी साडेसहाला. मधला दीड तास स्टँडवर काढायचा. त्याच सुमारास सर निवृत्त झाले होते. नागपूरचा कुठलासा क्लब बंद पडला, तिथलं पूलचं टेबल त्यांनी ट्रकमध्ये घालून आणलं आणि घराच्या पुढच्या हॉलमध्ये मांडलं. गावाला वाटलं, मास्तरांचं डोकं फिरलं. पूल म्हणजे कॉलर वर करून फिरणाऱ्या पोट्ट्यांचा खेळ, असं सगळ्यांचं मत. सरांनी हॉलच्या दारावर खडूने लिहिलं, 'एक गणित, एक डाव'. फळ्यावरचं गणित सोडवल्याशिवाय कोणाच्या हाती स्टिक पडायची नाही. मी स्टँड सोडून तिथे जाऊ लागलो. घर्षण, संवेग, परावर्तन हे सगळं मी आधी त्या हिरव्या कापडावर पाहिलं आणि मग पुस्तकात वाचलं.

त्या हॉलमधल्या स्टिकांची एक गंमत होती. स्टिकच्या टोकाला चामड्याची छोटी टिप असते आणि तिच्यामागे लाकूड चिरू नये म्हणून एक पांढरी कडी बसवलेली असते. क्लबमधून आलेल्या स्टिका जुन्या, त्यांच्या कड्या एकामागून एक तडकल्या. नागपूरला पाठवायच्या, वाट पाहायची, हे सरांना मान्य नव्हतं. बोरगावला एक लेथवाला होता, तो संत्र्याच्या बागांमधल्या मोटारपंपांची कामं करायचा. सरांनी त्याच्याकडून जुन्या पंपाच्या पितळी बुशमधून, म्हणजे आसाभोवतीच्या नळकांड्यातून, कड्या कातून घेतल्या. चांगल्या जाड, भरीव. त्या बसवल्यापासून एकही कडी फुटली नाही. सर कोणी नवीन आलं की स्टिकचं टोक त्याच्या हातात द्यायचे. "पाह्य, वजन पाह्य. बापजन्मात फुटत नाही आता." आम्हालाही त्या पितळेचा अभिमान होता.

आता साइडबद्दल सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. पांढऱ्या बॉलला मधोमध मारलं तर तो नेम धरला तिथेच जातो. पण कधी कधी त्याला मुद्दाम मध्यापासून उजवीकडे किंवा डावीकडे मारावं लागतं. तो भोवरा होऊन जातो आणि काठावर आदळल्यावर वेगळ्या दिशेला वळतो. पुढच्या बॉलसाठी सोयीच्या जागी यायला हे लागतंच. याला साइड मारणं म्हणतात. अडचण अशी की उजवी साइड मारली की पांढरा निघतानाच थोडा डावीकडे सरकून निघतो. नेम बरोबर धरूनही बॉल चुकतो.

सरांनी यावर महिनोन्‌महिने निरीक्षण केलं. टेबलाची लांबी, फटक्याचा जोर, साइड किती, सगळं वहीत मांडलं. आणि एक नियम काढला. उजवी साइड मारायची तर नेम एक बोट उजवीकडे धरायचा. डावी असेल तर एक बोट डावीकडे. अंतर कमी असेल किंवा फटका अगदी हळू असेल तर अर्धं बोट. यालाच आम्ही 'बोट' म्हणायचो. कोणी साइडचा फटका मारायला वाकला की बाकावर बसलेले सगळे, काही न बोलता, एक बोट वर करायचे. अर्धं लागत असेल तर बोट दुमडायचे. हॉलमध्ये आलेल्या परक्या माणसाला वाटायचं, हे सगळे एकदम लघवीला जायची परवानगी मागून राहिले की काय.

आणि बोट चालायचं. आठ वर्षं मी त्या बोटाने खेळलो. माझा डोळाच तसा घडला. साइड म्हटलं की नजर आपोआप एक बोट सरकायची, विचार करावा लागत नव्हता.

पांढुर्ण्याला नोकरी लागली त्या आठवड्यात सरांनी मला हॉलमध्ये बोलावलं. दहा-बारा जण होते. सरांच्या घरच्या, आमच्या काकूंनी पेढे ठेवले. सरांनी एक लांब काळी पेटी माझ्या हातात दिली. आत दोन तुकड्यांची नवी स्टिक होती, पुढचा तुकडा काळ्या कार्बन फायबरचा, गुळगुळीत, बारीक. सरांच्या पुतण्याने पुण्याहून मागवली होती.

"मी हयातभर फुटक्या स्टिका सांधून खेळलो," सर म्हणाले. "तू नाही खेळायचं. तुह्या हातात आता बोटही आहे अन् स्टिकही आहे. आता कोणी अडवत नाही तुले."

मी पाया पडलो. घरी नेली तर वडिलांनी पेटी उघडून पाहिली आणि विचारलं, "फवारणीची नळी हाय का? लयच बारीक दिसते." मी सांगितलं, सरांनी दिली. मग त्यांनी तुकडा दोन्ही हातांनी उचलून परत ठेवला, देवाची वस्तू ठेवावी तसा.

पांढुर्ण्यात मी रेल्वे लाइनच्या अलीकडे एक खोली घेतली. खिडकी उघडली की समोर कापसाच्या गोदामाची भिंत. दोन हातांवर. शाळा, खोली आणि गावातलं एक पूल पार्लर, एवढाच माझा फेरा. अतिथी शिक्षकाला दरवर्षी पुन्हा बोलावतील की नाही याची खात्री नसते, त्यामुळे सुट्टीतही मी कुठे लांब जात नसे. पार्लरमध्ये नव्या स्टिकने पहिल्याच दिवशी खेळायला लागलो आणि मला काही कळेना. सरळ फटके सगळे पडत होते. पण साइड लावली की चुकायचं. उजव्या साइडला पांढरा हवा त्याच्या उजवीकडे जाऊन लागायचा, डाव्या साइडला डावीकडे. दर वेळी. इतकं नेमकं की माझीच मला भीती वाटली.

मी आधी हाताला दोष दिला. मग डोळ्यांना. चष्म्याच्या दुकानात जाऊन डोळे तपासून घेतले. दुकानदाराने अक्षरं वाचायला लावली, मी शेवटची ओळही वाचली. तो म्हणाला, "मास्तर, तुमचे डोळे तर गिधाडाचे आहेत. तुम्हाले झालं काय?"

सर दर रविवारी फोन करायचे. पहिला प्रश्न तोच. "कशी चालते?"

"छान चालते सर."

"बोट लावतो ना?"

"हो सर. बोट लावतो."

मी बोट लावत होतो, त्यात खोटं नव्हतं. खोटं होतं ते 'छान'. पहिल्या रविवारी वाटलं, हात बसला की सांगू. दुसऱ्या रविवारी पहिल्या रविवारचं उत्तर आड आलं. अशा रीतीने ते वाढत गेलं.

पार्लरमध्ये माझा एक मित्र झाला होता. सरकी काढायच्या जिनिंग मिलमध्ये कापसाच्या गाड्यांचं वजन घ्यायचं काम करायचा. तो एक दिवस माझ्या मागे उभा राहून पाहत होता.

"काय मास्तर, नेम कोठी लावून राहिले?"

"साइड आहे ना. एक बोट उजवीकडे."

"काहून?"

"पांढरा सरकतो ना डावीकडे."

"अबे, ते लाकडाच्या स्टिकले. ही पाहा." त्याने माझ्या हातातून स्टिक घेतली, जवळजवळ सरळच नेम धरला, भरपूर उजवी साइड लावली आणि बॉल पॉकेटमध्ये टाकला. पांढरा काठावरून फिरून बरोबर पुढच्या बॉलमागे येऊन थांबला. "तुमची स्टिक सरळ आहे मास्तर. तुम्हीच वाकडे आहात."

तो हसला. मी नाही हसलो. माझ्या डोक्यात ती पितळेची कडी आली होती, आणि मी वर्गात संवेग शिकवणारा माणूस आहे.

मला खात्री करून घ्यायची होती. पुढच्या रविवारी सर नात्यातल्या एका सुपारीला, म्हणजे साखरपुड्याला, लोधीखेड्याला जाणार हे मला माहीत होतं. त्या दुपारी मी सौसरला गेलो. काकूंनी हॉल उघडून दिला. प्रयोगशाळेत आम्ही करतो तसंच केलं. टेबलाच्या दूरच्या काठावर पांढरा कागद चिकटवला, त्यावर कार्बन पेपर. बॉल आदळला की खाली टिंब उमटतं. मधोमध एक रेघ. जवळच्या टोकाला एक खूण, पांढरा दर वेळी तिथेच. नेम दर वेळी त्याच रेघेवर, साइड दर वेळी उजवी आणि तेवढीच, जोर शक्य तितका सारखा. आधी पितळेच्या कडीची जुनी स्टिक, पंधरा फटके. मग माझी काळी, पंधरा फटके.

कार्बन काढला तर कागदावर टिंबांचे दोन घोळके होते. पितळेचा घोळका रेघेच्या बराच डावीकडे. काळ्या स्टिकचा रेघेच्या जवळ, डावीकडेच, पण नखभर.

त्याचं कारण आता मी सातवीच्या मुलालाही सांगू शकतो. बॉलला एका बाजूला मारलं की स्टिकचं टोक त्या क्षणी बाजूला ढकललं जातं. टोक हलकं असेल तर ते मुकाट्याने हटतं, आणि बॉल सरळ जातो. टोक जड असेल तर ते हटत नाही, मग बॉललाच हटावं लागतं. सबंध स्टिकच्या वजनाचा याच्याशी फारसा संबंध नाही, पुढच्या वीतभर भागाचा आहे. आणि आमच्या स्टिकांच्या नेमक्या त्या भागात सरांनी मोटारपंपाचं पितळ बसवलं होतं. बोट खरं होतं, पण ते पितळेचं बोट होतं. सौसरच्या त्या एका हॉलमधल्या सहा स्टिकांपुरतं खरं.

काकू चहा घेऊन आल्या. कागद पाहून म्हणाल्या, "काय मोजून राहिला रे?"

"काही नाही काकू. दोन्ही स्टिकांमधला फरक."

"निघाला का?"

"निघाला."

"मंग सरांले सांग. त्यांले असं काही मोजलेलं लय आवडते."

मी हो म्हणालो, आणि मी सांगेपर्यंत तुम्ही काही बोलू नका, असंही म्हणालो. कागद घडी करून खिशात घातला. संध्याकाळची गाडी पकडून परत आलो आणि त्या रविवारी फोनवर म्हणालो, "छान चालते सर."

सांगायला काय हरकत होती, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. उत्तर असं की नेम सरांनी शिकवलेला होता आणि स्टिक सरांनी दिलेली होती, आणि दोन्ही एकत्र चालत नव्हती. बोट सोडावं तर शिकवणं सोडलं. स्टिक ठेवून पितळेची मागून घ्यावी तर दहा-बारा जणांसमोर दिलेली भेट परत केल्यासारखं. बोट चुकीचं आहे असं म्हणावं तर त्यांची कित्येक महिन्यांची वही खोटी ठरवल्यासारखं. माझ्यासारख्या पोराला त्यांनी माणसांत आणलं, आणि मी त्यांना सांगणार की सर, तुमचा नियम पंपाच्या बुशचा होता? जिकडे वळावं तिकडे सरच उभे. गोदामाच्या भिंतीला निदान दोन हातांची फट होती.

मग मी भित्र्या माणसाचा मार्ग काढला. पांढुर्ण्यात मी नवा नेम शिकलो. जुनी सवय जायला चार महिने लागले. डोळा आपोआप बोटभर सरकायचा, त्याला ओढून परत आणावं लागायचं. पण जमलं. काळ्या स्टिकने मी पूर्वीपेक्षा चांगला खेळू लागलो, जिनिंगवाला मित्र माझ्याकडून हरू लागला. आणि महिन्यातून एकदा काळी स्टिक घेऊन सौसरला गेलो की सर बाकावर बसून बोट वर करायचे, आणि मी बोट लावून चुकायचो, प्रवासाने हात आखडला असं सांगायचो. त्यांच्यासमोर चुकायचं, त्यांच्यामागे टाकायचं. वर्ष सरेपर्यंत असं चाललं.

जिल्हा झाल्यापासून पांढुर्ण्यात जिल्ह्याच्या नावाने नाना स्पर्धा भरतात. पूलचीही भरली. दोघांचा संघ निवडायचा होता, उपांत्य सामना जिंकला की संघात जागा पक्की. मी सरांना सांगितलं नव्हतं. पण सौसर ते पांढुर्णा बातमीला गाडी लागत नाही. सकाळच्या दोन फेऱ्या मी जिंकलो. उपांत्य सामन्याला वाकलो तर दारातून सर आत येत होते. धोतराला इस्त्री, हातात पिशवी. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस गाडीत उभ्याने आला होता.

"खेळ, खेळ," ते म्हणाले आणि नेमके माझ्या नेमाच्या रेषेत, टेबलाच्या पलीकडे खुर्ची टाकून बसले.

मी साइड टाळून खेळलो. सरळ फटके, हळू फटके, जमेल तसं. तरी पुढे होतो. शेवटी माझा एक बॉल आणि डाव जिंकायला सगळ्यांत शेवटी टाकायचा काळा बॉल राहिला. माझा बॉल कोपऱ्यात टाकायला सोपा होता, पण सरळ मारला असता तर पांढरा समोरच्याच्या बॉलमागे अडकणार आणि काळा दिसणार नाही. उजवी साइड मारून पांढरा काठावरून फिरवणं, एवढाच मार्ग. हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला दिसत होतं. मी वाकलो. वर पाहिलं. सरांचं बोट वर होतं.

मला नेम माहीत होता. नखभर. डोळा तिथेच होता. मी तो उचलून एक बोट उजवीकडे ठेवला, आणि मारलं.

बॉल पॉकेटच्या कडेला लागून परत आला. समोरच्याने राहिलेले टाकले, काळाही टाकला. माझा मित्र मागे कोणाला तरी म्हणत होता, "हा फटका तर हा झोपेत मारते. याले झालं काय?"

स्टँडवर गाडीची वाट पाहताना सर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बोट बरोबर होतं तुझं. मी पाहिलं. हातच हालला असंल. पुढच्या रविवारी येतो मी पहिल्या गाडीनं. तू अन् मी. पाहू कुठं अडून राहिलं ते."

"सर, एवढ्या लांब कशाला?"

"लांब? मी निवृत्त माणूस. मले दुसरं काम काय?"

ते आले. पहिल्या गाडीने, डबा घेऊन. पार्लर रिकामं होतं. तीन तास त्यांनी मला तोच फटका मारायला लावला. मी वाकायचो, ते बोट दाखवायचे, मी बोट लावायचो आणि चुकायचो. ते टेबलाच्या या टोकाला जाऊन पाहायचे, त्या टोकाला जाऊन पाहायचे, गुडघे धरून वाकायचे, माझ्या डोळ्याच्या उंचीवर डोळा आणायचे. दर वेळी म्हणायचे, "बरोबर आहे. बरोबर आहे. मार." तिसऱ्या तासाला त्यांनी खुर्ची ओढली. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला.

"बेटा, मले आता दिसून नाही राहिलं," ते म्हणाले. "ज्या पोराले मीच शिकवलं त्याची चूक मलेच सापडत नाही. म्हणजे चूक माह्याच डोळ्यात आहे."

"नाही सर, तसं नाही."

"मंग कसं आहे? सांग ना."

मी स्टिकच्या टोकाला चॉक घासत राहिलो. टिप निळीशार झाली तरी घासत होतो.

"पुढच्या रविवारी एकदा पाहू," ते उठत म्हणाले. "नाही सापडलं तर हॉलमधलं शिकवणं बंद करतो. पोट्टे विश्वासानं येतात. कायले नुकसान करायचं त्यांचं?"

मी त्यांना गाडीत बसवलं. त्या आठवड्यात बुधवारी शाळेतून आलो आणि पत्र लिहायला बसलो. फोनवर मला खोटं बोलायची सवय झाली होती, आणि समोर मी बोट लावून चुकत राहायचो. गुरुवारी सकाळच्या सौसर गाडीच्या ड्रायव्हरकडे पाकीट दिलं. तो सरांचाच विद्यार्थी. ते पत्र असं होतं.

आदरणीय सर,

तुमचे डोळे चांगले आहेत. हे पहिल्या ओळीत लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला काळजी राहणार नाही.

गेल्या रविवारी मी पन्नासेक वेळा चुकलो तो प्रत्येक फटका मला मारता येतो. तुम्ही बोट दाखवता तेव्हा मी ते लावतो, आणि चुकणार हे माहीत असून मारतो. उपांत्य सामन्यातही तेच केलं. हात हालला नव्हता. 'छान चालते' असं मी वर्षभर फोनवर सांगितलं, ते पहिले काही महिने खोटं होतं आणि नंतर अर्धं खोटं होतं.

सोबत एक कागद ठेवला आहे. तुम्ही लोधीखेड्याला गेला होता तेव्हा तुमच्या टेबलावर मी तो काढला. डावीकडची टिंबं पितळेच्या कडीच्या स्टिकची, रेघेजवळची तुम्ही दिलेल्या स्टिकची. नेम आणि साइड दोन्हींना सारखी. टोक जड असलं की बॉल जास्त सरकतो, हलकं असलं की कमी. नव्या स्टिकला एक बोट लागत नाही, नखभर पुरतं. तुमचं बोट चुकीचं नाही सर. ज्या स्टिकांवर तुम्ही ते मोजलं त्यांचं माप ते अगदी बिनचूक सांगतं, हे माझ्याच कागदावरून दिसेल. मला तुमच्या मोजण्यात एकही चूक सापडली नाही. फक्त स्टिक बदलली तर पुन्हा मोजायला हवं होतं, आणि ते मी केलं, पण तुम्हाला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याचं चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही. तुम्ही मला इतकं दिलं की त्यातल्या एका गोष्टीबद्दल काही म्हणणं मला कृतघ्नपणा वाटला. पण त्या कृतज्ञतेपायी मी तुम्हाला गाडीत उभ्याने यायला लावलं, तीन तास वाकायला लावलं, आणि शेवटी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतली तेव्हाही चॉक घासत उभा राहिलो. हे मला फार लागलं आहे. तुम्ही शाळेत कधी कोणाला मारलं नाही, त्या दिवशी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

शिकवणं बंद करू नका. हॉलमध्ये येणाऱ्या मुलांच्या हातात पितळेच्याच स्टिका आहेत, त्यांना तुम्ही सांगता ते बरोबरच आहे. ज्याच्या हातात दुसरी स्टिक येईल त्याला फक्त एवढं सांगा की आधी दहा फटके मारून ती किती सरकवते ते पाहा. हे तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील, मी सांगितलं तर नाही.

रविवारी तुम्ही येऊ नका. माझी चूक शोधायला तुम्हाला आता यायची गरज नाही, ती वर लिहिली आहे. शनिवारी आमची शाळा अर्धीच असते. दोनच्या गाडीने मी सौसरला येतो. तुम्हाला जे बोलायचं असेल ते सगळ्यांसमोर बोललात तरी चालेल. तुम्ही घरी नसाल, किंवा मला भेटायचं नसेल, तर काकूंना तसं सांगून ठेवा. मी ओसरीवर शेवटच्या गाडीपर्यंत बसेन.

आपला विद्यार्थी